मांडीची दोरी

वास्को, गोवा
१४ जानेवारी १९७४

ती. आकाराममामांस,

दोरी खोटं सांगत न्हाय, हे तुम्ही गेल्या पत्रात परत लिहिलंयसा. मामा, दोरी काहीच सांगत न्हाय, सांगता तुम्ही. पाच वर्सं झाली, तालमीची फुटबॉल टीम निवडताना तुम्ही खुंटीवरची मापाची गाठ मारलेली सुतळी काढून माझ्या मांडीला गुंडाळली. मांडी गाठीला दोन बोटं कमी पडली, आणि सगळ्या पेठेदेखत म्हणालासा, "ह्या काड्यांवर चेंडू टेकला तरी मोडतील." चेंडू काय टेकवून बघितला न्हाईसा. वस्ताद तुम्ही कुस्तीचं, तुमचं चाललं तर चेंडूलाबी लंगोट नेसवाल.

(नमस्कार राहिला. तो पायावर डोकं ठेवून केलाय असं समजा. गुडघा कसा हाय? मामींची म्हैस व्याली काय?)

आता माझी खुशाली, म्हणजे दोरीचाच पुढचा प्रताप. हितं मी खाणीच्या कंपनीत धक्क्यावर खोरं वढतो. आमचा मुकादम कायतान, माणूस भला, पण कोल्हापूरचा म्हटल्यावर मला फुटबॉलातलं सगळं कळतं असा त्याचा समज. (तो मीच करून दिलेला.) कामगारांच्या पोरांची टीम करायची हुती. मला म्हणाला, तू निवड, टीम चांगली निघाली तर तुला सावलीतल्या वजनकाट्यावर घेतो. बत्तीस पोरं वाळूत उभी केली. आता चेंडू टाकून पळवायची सोडून, मामा, माझ्या तोंडातनं काय निघावं? "सुतळी आणा."

मांड्या मोजल्या. मानंला चापटी मारून बघितलं. शंभर शंभर बैठका काढायला लावल्या. दूध किती पिता इचारलं तर म्हणाली, चहात घालतात तेवढं. त्यात इनास म्हणून एक पोरगं हुतं, चेंडू त्याच्या पायाला गोचिडासारखा चिकटायचा. मांडी दोन बोटं कमी. मी त्याला काढला, आणि वर तुमचंच ते काड्यांचं वाक्य ऐकवलं. बोलून झाल्यावर माझं मलाच कसंतरी झालं, पण वस्तादाला मागं घेता येत न्हाय, हे तुमच्याकडनंच शिकलोय.

सामना शेजारच्या गावाबरोबर. बैठकांनी माझ्या अकरा मल्लांच्या मांड्या अशा भरून आल्या हुत्या, की हाफटायमाला खाली बसली ती उठंनातच. दोघांना मी आणि कायताननं बखोटीला धरून उभं केलं. सात गोल बसले. त्यातले चार इनासचे, कारण तो तिकडनं खेळत हुता. चौथा मारून पोरगं माझ्याम्होरं आलं, पाय पुढं केला आणि म्हणालं, "आता मोज." दुसऱ्या दिवशी काट्यावर दुसराच माणूस बसला, मी खोऱ्यावर.

म्हणून हात जोडून सांगतो. आमच्या धाकट्या जोतीरामाची तुमच्या तालमीच्या टीमसाठी निवड पुढच्या महिन्यात हाय. आईनं (म्हणजे तुमच्याच आक्कानं) त्याची मांडी मोजून कळवलीय, दोन बोटं कमी. आमच्या घराण्याचं मापच ते हाय. पण पोरगं चेंडू घेऊन वाऱ्यागत पळतंय. त्याला पळवून बघा, दम बघा, पाय बघा. दोरी चुलीत घाला. न्हाईतर तेबी माझ्यागत रुसून घर सोडंल, आणि आई एकटी पडंल.

तुमचा भाचा,
कृष्णात

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, पंधरा दिवस खिशातच हुतं. मधी आईची चिठ्ठी आली. मामींची म्हैस व्याली, जोतीराम रोज दोन शेर दूध पितोय आणि मांडी गाठीच्या वर बोटभर गेलीय.

आणखी ता. क. तर दोरी चुलीत घालू नका. दोरीच खरी. जुनीच वापरा, नवी ताणंल. मात्र त्याला पळवून बघू नका, आई लिहिती की हल्ली जिना चढताना धापा टाकतोय. निवडीपातुर रतीब चालू ठेवा. दुधाचं म्हणून मामींच्या नावानं सव्वीस रुपये पाठवतोय.