पहिल्या भागानंतर

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आधी तुमचं मेहरूणचं स्वयंपाकघर आठवावं लागतं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलेली, लग्नाचं बघणं चालू होतं. रेडिओसाठी तुमच्याकडे एका शेतकरी कुटुंबावरच्या श्रुतिकांची मालिका मागितली होती. पहिला भाग तातडीनं हवा होता आणि संधिवातानं तुमची बोटं वळत नव्हती, म्हणून तुम्ही मला बोलावून घेतलंत. मला वाटलं, तुम्ही सांगाल आणि मी उतरवून घेईन. पण तुम्ही म्हणालात, "गोष्ट तूच लिही. तुझे निबंध मी विसरले नाहीये."

मी पाटावर बसते, दोन ओळी लिहिते, खोडते, कागद फाडते. तुम्ही चुलीवर वांगी भाजताय. पुन्हा कागद फाटल्याचा आवाज आला तशा तुम्ही गर्रकन वळलात. "फाडतेस काय? पहिला खर्डा आहे हा. वाईट लिही, पण शेवटापर्यंत जा. सुधारायला मी बसलेय ना!" माझे डोळे भरून आले. ते पाहून तुम्ही पदर खोचलात आणि एकदम माझ्या गोष्टीतली, शिकलेल्या सुनेला टोमणे मारणारी सासूच झालात. "सून शिकेल शे, पन चूल तिले वळखस का?" मला हसू फुटलं आणि सुनेचं उत्तर आपसूक कागदावर आलं. मग तुम्ही सासू, मी सून, मध्येच तुम्ही घसा खाकरून सासरा. शब्द अडला तिथे रेघ मारायची आणि पुढे जायचं. भरीत निवून गेलं, कुणाला भान नव्हतं. उन्हं कलायच्या आत भाग संपला. असा दिवस मला पुन्हा मिळाला नाही.

लग्न होऊन मी धुळ्याला आले. पाठोपाठ तुम्ही एसटीनं आलात, भाग पसंत पडल्याचं सांगायला. पुढचे भाग हवे होते. बैठकीत तुम्ही माझ्या सासऱ्यांना, नानांना, समजावून सांगत होतात आणि मी दाराआड उभी होते. नाना वाईट बोलले नाहीत. "लिहू द्या की तिला घरात बसून," ते म्हणाले. "फक्त रेडिओवर आमच्या सुनेचं नाव नको. तुमचं घाला." तुमचा आवाज चढला. "दुसरीनं लिहिलेलं मी माझ्या नावावर खपवणार नाही. तिचं नाव लागेल, नाहीतर पुढचा भागच होणार नाही." चहा न घेताच तुम्ही उठलात. मी वाकून नमस्कार केला, तुम्ही डोक्यावरून हात फिरवलात. पुढचा भाग झाला नाही.

त्यानंतर तुम्ही फार काळ राहिला नाहीत. नाना शेवटपर्यंत म्हणायचे, "बाई मोठी मानी." मीही माझ्या मुलींना हा प्रसंग अभिमानानं सांगत आले. पण भाकरी थापताना त्या कुटुंबाचं पुढचं सुचतच राहिलं. सासू थकली, धाकट्याचं लग्न झालं, विहिरीवरून भावाभावांत बिनसलं. कागदावर काही आलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते आहे. त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही, नानांनी नाही आणि तुम्हीही नाही. विचारलं असतंत तर मी तुमच्या नावाला हो म्हटलं असतं, बाई. मला फक्त लिहायचं होतं.