मानाचा पहिला नंबर

४ ऑगस्ट, सोमवार

किंजळवाडीचे दोघे आज माझ्या केबल-नेटच्या ऑफिसात. हैबती आबा आणि चांगू. आबा वाडीच्या गावकीचे अध्यक्ष, चांगू चिटणीस. बोलतो चांगूच. मुंबईहून रिटायर होऊन आल्यापासून त्याला वाडीत बोलायला माणसं कमी पडतात.

‘नागसेनभाऊ, आमचा चौदा नंबर काढा.’

म्हटलं, बॉक्स बिघडला का?

‘बॉक्स नाय, घर बिघडलंय.’

चौदा नंबर म्हणजे ठकूबाईचं घर. मुलगा राजेश कायम ट्रकवर, घरात ती आणि सून सोनाली. ग्रामपंचायतीची पोटनिवडणूक बिनविरोध करायची असं गावकीने ठरवलं होतं, सोनालीने फॉर्म भरला. पडली, पण बरी मतं घेऊन पडली. तेच झोंबलं. घर वाळीत. दुकानातून सामान नाही, चक्कीवर दळण नाही, कोणी उंबऱ्याला पाय लावायचा नाही. राहिलं होतं नेट.

मी म्हटलं, चांगूशेठ, वाळीत टाकायला कायद्याने बंदी आहे.

‘आम्ही कुठं काय लिहून देतोय? तुम्ही बसल्या जागी मशीनमधनं एक नंबर काढायचा. विचारलं तर तांत्रिक अडचण.’ – हे शब्द वाटेतल्या वरंधपासून घोकत आला असणार. ‘जमत नसेल तर तसं सांगा. सगळी वाडी तुमचं कनेक्शन सोडेल. खालच्या दोन वाड्या पन आमचंच ऐकतात.’

आबा तेवढा वेळ बशीतला चहा फुंकत होते. जाताना म्हणाले, ‘काड म्हनतायत तर काड.’

दोघे जिना उतरले आणि पाच मिनिटांत आबा एकटेच परत आले. छत्री राहिली म्हणे. छत्री काखेत होती.

‘नंबर काडला की त्या पोरीचं काम पन बंद पडंल, नाय?’

पडेल, म्हटलं.

‘हं,’ म्हणाले आणि छत्री सापडल्यासारखे निघून गेले.


५ ऑगस्ट

या नंबरांची मूळ भानगड माझीच. वाडीला मोबाईलची रेंज नाही, म्हणून मी डोंगरावर लाईन नेली. नेटवर्कमध्ये प्रत्येक बॉक्सला, प्रत्येक फोनला एक आयपी लागतो – पत्ता. पत्त्याशिवाय नेट येणार कुठे? गावकी म्हणाली, वाडी एक, तर कनेक्शन एक. ठीक, सगळी वाडी पत्त्यांच्या एका ओळीत घेतली. मग म्हणाली, घरांचे नंबर मानाप्रमाणे द्या. शिमग्याला पालखी ज्या क्रमाने घरं घेते तो क्रम. पालखी पहिली हैबती आबांच्या अंगणात, म्हणून एक नंबर त्यांचा.

मी म्हटलं, एक नंबर माझ्या मुख्य मशीनला देतात, रिवाज आहे. चांगू म्हणाला, ‘मशीनला कसला मान?’ दोन बैठका झाल्या. शेवटी मशीनला ओळीतला शेवटचा नंबर दिला. नेटवर्कला काडीचा फरक पडला नाही. वाडी खूश.

म्हणून तर आज नंबर काढा म्हणून सांगता येतं. नंबर दिलाय म्हणजे काढताही येतो, इतकं त्यांना कळलंय.

सोनाली घरी बसून मुंबईच्या डॉक्टर लोकांचे रिपोर्ट टाईप करते आणि नेटवरून त्यांना वाचून दाखवते. नेट आलं तेव्हाच डोंबिवलीची खोली सोडून सासूजवळ राहायला आली. नेट गेलं की काम गेलं. काम गेलं की ती परत डोंबिवलीला, आणि ठकूबाई वाळीतल्या घरात एकटी. चांगूला हे माहीत आहे. म्हणूनच नेट.

जेवताना समीक्षाला सांगितलं. बायको म्हणाली, ‘उद्या मशीनला हात लावायच्या आधी ऑफिसच्या खिडकीतून बाहेर बघ.’

खिडकीतून चवदार तळं दिसतं. माझ्या पणजोबाला त्या पाण्याला हात लावायची बंदी होती. त्याने जाऊन ओंजळ भरली. त्याच्या पणतूच्या दुकानात येऊन हे सांगतात – नळ तोड.


६ ऑगस्ट

चौदा काढला. खराखुरा काढला. चांगूने फोनमध्ये वाडीची ओळ उघडून बघितली, चौदावर काळोख. ‘थँक्यू नागसेनभाऊ.’

मग ठकूबाईच्या बॉक्सला माझ्या ऑफिसच्या ओळीतला एक नंबर दिला. तार तीच, घर तेच. वायफायचं नाव लपवून टाकलं. वाडीच्या ओळीत ते घर आता नाहीच.

मी खोटं बोललो नाही. चौदा काढा म्हणाले, चौदा काढला. दुसरा देऊ नका असं कोणी म्हणालं नव्हतं.

सोनालीला फोन केला, म्हटलं, खिडकी लावून काम कर.

‘दादा, खिडकी लावली तर सासूबाईंना उकडतं.’

मग हळू बोल.

‘सायबांना ऐकू येत नाही म्हणून तर ओरडते!’


११ ऑगस्ट

चांगूचा फोन. ‘चौदा बंदच हाय ना?’ बंदच आहे. इतकं खरं उत्तर देताना मला बऱ्याच दिवसांत हसू दाबावं लागलं नव्हतं.


१६ ऑगस्ट, शनिवार

वरंधला खांब आडवा झाला म्हणून गेलो. पाऊस असा की फायबर जोडताना एकाने माझ्या डोक्यावर आणि दुसऱ्याने मशीनवर छत्री धरली. मशीनवरची मोठी होती.

काम उरकून टपरीवर गेलो तर हैबती आबा एसटीची वाट बघत बसलेले. भजी मागवली. त्यांचं घर ठकूबाईच्या घराला लागून, मध्ये फक्त दगडाचा गडगा.

बराच वेळ पावसाबद्दल बोलले. मग भज्याकडे बघत म्हणाले, ‘सोनाली दिसभर मोठ्यानं बोलते रे. घरात तर दुसरं मानूस नाय.’

म्हटलं, देवाचं नाव घेत असेल.

‘इंग्रजीत?’

मी मिरची खाल्ली. आबांनी पण खाल्ली. एसटी आली. चढता चढता म्हणाले, ‘चांगूचं घर लांब हाय. त्याला नाय ऐकू येत.’

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं कळलंय, आणि कळलंय हे मला कळावं अशीही सोय करून गेला. मी केबलची भेंडोळी खांद्यावर घेऊन या डोंगरांत फिरायचो तेव्हापासून माणसं ऐकतो आहे. इतकी सरळ बातमी इतक्या वाकड्या रस्त्याने क्वचित आली.


२३ ऑगस्ट

पोरं सुट्टीवर. माझा सगळा स्टाफ गणपतीला आपापल्या गावी जातो. आमच्या घरी गणपती नसतो, त्यामुळे दरवर्षी हे दिवस महाड-पोलादपूरचं अख्खं नेटवर्क मी एकटा सांभाळतो. समीक्षा डबा आणून देते आणि म्हणते, ‘मालक झालास, पण शिपाई कुठे ठेवलास?’

कामही याच दिवसांत. एका ओळीत अडीचशेच्या आसपास पत्ते. एरवी वाडीत म्हातारी माणसं, निम्मी ओळ रिकामी. चतुर्थीला मुंबईकर उतरले की घरात दोन फोन होते तिथे वीस, वर टीव्ही, वर पोरांचे टॅब. ओळ भरली की नंतर येणाऱ्याला पत्ता मिळत नाही. म्हणून आधीच प्रत्येक वाडीची ओळ वाढवून ठेवायची. एका वाडीला दोन मिनिटं.

पोलादपूरकडच्या सगळ्या केल्या.


२६ ऑगस्ट

हायवेवर मुंबईच्या गाड्यांची माळ. सगळ्या वाड्या वाढवून झाल्या. एक राहिली. किंजळवाडी.

माऊसवर हात ठेवला. मग काढला. चहा प्यालो. परत ठेवला. परत काढला.

मनाशी म्हटलं, सगळी वाडी एका ओळीतच पाहिजे ना? राहा बाबांनो एका ओळीत.


२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

दुपारपर्यंत किंजळवाडीचे इतके फोन की मोजायचं सोडलं. सगळे घराघरांतल्या जुन्या दूरध्वनीवरून – त्याची लाईन मात्र अजून जिवंत आहे.

चांगू: ‘माझ्या नातवाला नेट लागत नाय.’

म्हटलं, ओळ भरली. जो आधी आला त्याला पत्ता मिळाला.

‘मग उठवा कोनाला तरी.’

‘कोणाला उठवू? मानाप्रमाणे?’

मग म्हणतो, ‘तो चौदा रिकामा हाय ना, तो द्या नातवाला.’

‘तो सकाळीच गेला. तुमच्या भाच्याच्या टीव्हीने घेतला.’

नंतर हैबती आबा. त्यांचा मुलगा हर्षद मस्कतला. दरवर्षी पहिल्या दिवशी घरची आरती फोनवर बघतो, तिकडे सुट्टी घेऊन बसतो. आबा फोन खिशात घालून दूर्वा आणायला गेले, परत येईपर्यंत ओळ भरलेली.

‘माझा तर एक नंबर हाय ना रे?’

‘आबा, तो तुमच्या बॉक्सचा. फोनला मान नसतो.’

‘असं होय,’ म्हणाले. चिडले नाहीत. त्याने मला जास्त लागलं. आरती हर्षदविना झाली.

मी हात चालवला असता तर दोन मिनिटांचं काम. नाही चालवला. हर्षदचा विचार मी केलाच नव्हता.


२८ ऑगस्ट

ठरवून उठलो, आज वाढवून टाकायची. मशीनसमोर बसतोय तोच सोनालीचा फोन. आमच्या नेटवरून, स्वच्छ.

‘दादा, ऐका.’

तिने फोन पुढे धरला. आरती. झांज ठकूबाईची, तिचा हात थांबत थांबत पडतो. पण गळा? तो गळा मी शिमग्याला पालखीपुढे ऐकलाय. हैबती आबा.

झालं ते असं. गणपतीत वाडीतली मंडळी घरोघर आरतीला जातात. यंदा ठकूबाईकडे कोणी गेलं नाही. काल दोघी बायकांनीच केली. आज सकाळी आबा फोन हातात घेऊन गडगा ओलांडून आले. चपला काढल्या. सोनालीला म्हणाले, ‘तुझ्याकडं नेट हाय ते म्हाईत हाय मला. लाव गो हर्षदला.’

हर्षद लागला. पडद्यावरून म्हणतो, ‘आबा, हा आपला गणपती नाय.’

‘गनपती कोनाचा असतो रे? हात जोड.’

आणि सुरू केली आरती, हळू नाही, पार खालच्या पाणवठ्यापर्यंत ऐकू जाईल अशी. संपल्यावर ठकूबाई कोणाला तरी सांगत होती, मला फोनमध्ये ऐकू आलं – ‘दाराम्होरं दुसऱ्याची चप्पल दिसली बाय आज.’

फोन ठेवला आणि वाडीची ओळ वाढवली. दोन मिनिटं.

संध्याकाळी सोनालीचा मेसेज. सगळीकडे नेट आलं, तरी आरतीला खालच्या आळीतल्या तीन बायका आल्या. नेट मागायला नाही. आरतीलाच.


२९ ऑगस्ट

चांगू. आवाज चढलेला.

‘चौदा बंद होता ना?’

‘बंदच केला होता. आता तिथे तुमच्या भाच्याचा टीव्ही आहे.’

‘मग तिच्या घरात नेट कुठनं आलं?’

‘माझ्या ऑफिसच्या ओळीतला नंबर आहे. तो गावकीचा नाही, माझा आहे.’

‘फसवलंत तुम्ही आम्हाला. सगळी वाडी कनेक्शन सोडनार.’

म्हटलं, सोडा. फक्त घरात मुंबईची पोरं आहेत तोवर सोडू नका, तुम्हालाच भारी जाईल. आणि यापुढे नंबर काढायचं सांगायला याल तेव्हा तेवढं लिहून आणा, मी तहसीलला दाखवीन.

फोन आपटला. मी वही काढून तिन्ही वाड्यांची कनेक्शनं मोजली. तीन वाड्या म्हणजे थोडं नव्हे.


२ सप्टेंबर

गौरी-गणपती गेले. मुंबईकर परतले, ओळ रिकामी झाली. किंजळवाडीतून एकाही घराने कनेक्शन सोडलेलं नाही. खालच्या वाड्यांनीही नाही. सोनाली कामावर. खिडकी उघडी ठेवून.

समीक्षाला म्हटलं, जिंकलो. ती म्हणाली, ‘चांगू गप्प आहे ना? मग अजून काही जिंकलेलं नाहीस.’


५ सप्टेंबर, शुक्रवार

हैबती आबांचा फोन.

‘नागसेन, काल बैठक झाली. एक नंबर काड.’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. माझ्या ऐकण्यात सहसा होत नाही.

‘माझाच. मी तिच्या उंबऱ्यात गेलो ना. चांगूला तुला फोन करायची लाज वाटते, म्हनून निरोप मीच देतोय. अजून अध्यक्ष हाय मी उद्यापर्यंत.’

म्हटलं, आबा, शिमग्याला पालखी?

‘येईल, नाय तर नाय येईल. ठकूबाईला दिलायस तसला एखादा उरलाय काय रे?’

आहे, म्हटलं. तिच्या खालचा.

‘खालचा चालंल.’