आत्याच्या भिंतींवरच्या डब्या

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू ‘बरं चाललंय’ म्हणतेस. जन्मभर शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या बापाला असं फसवू नये. गिऱ्हाईक म्हणतं, मशीन झकास आहे, सहज आणलीये; तेव्हाच मी ओळखतो की आत काहीतरी तुटलंय. तुझा आवाज तसा येतोय. म्हणून हा कागद. कागदावर माणसाला फार वेळ खोटं हसता येत नाही.

तुझी आत्या दुकानावरच्या खोल्यांत मजेत आहे. तू तिच्या भिंतींवर लावून गेलेल्या डब्या डोळे मिचकावत असतात. त्या फक्त हालचाल टिपतात, फोटो काढत नाहीत, असं तू बजावलं होतंस. तरी आमची आक्का त्यांच्यासमोरून जाताना केस सारखे करते. दुकानाच्या छतातून तिची पावलं ऐकू येतात. पलंग, खिडकी, ओटा, परत पलंग. एकदम ठणठणीत.

तेव्हा खरं काय ते लिही. आमच्यावर तुझी माया आहेच, ती उत्तरात दिसू दे.

तुझा,
बाबा

११ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पकडलंत. एम.एस्सी.चा प्रबंध अडलाय, आणि साधासुधा नाही.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची घरातली ये-जा डब्या टिपतात, संगणक ती शिकतो, आणि एखाद्या दिवशी ती बदलली, माणूस पडलं-बिडलं, की घरच्यांच्या फोनवर इशारा येतो. पण डब्या लावलेल्या बाकीच्या घरांतली मंडळी वाट्टेल तेव्हा उठतात, भलत्या वेळी झोपतात. संगणक पार बावचळून जातो. लाज राखली ती आत्यानं. तिच्या घरून एकही चुकीचा इशारा नाही. त्या एका घरावर मी सगळा डोलारा उभा केला.

आणि मार्गदर्शक बाईंनी त्याच घराच्या आलेखावर बोट ठेवलं. चष्मा काढून म्हणाल्या की माणूस असा मिनिटाच्या ठोक्यावर चालत नाही, हे आकडे मी खोलीत बसून रचलेत का? मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. महिनाअखेर समितीपुढे उभं राहायचंय. खोटेपणा ठरला तर नाव काढून टाकतात. कुजबुज वर्गात पोचलीये. मैत्रीण आता एक खुर्ची सोडून बसते.

आत्या खरंच अशी वागते का, तेवढं बघाल? तिला दुखवू मात्र नका.

तुमचा विश्वास तरी असू द्या.

आपली,
भिंगरी

१७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

विश्वास आहे का हे पुन्हा विचारलंस तर कान धरीन.

आक्काला विचारलं असतं तर तिनं मलाच उडवून लावलं असतं. म्हणून दुकान बंद ठेवलं, मशिनी थांबवल्या आणि खाली नुसता बसलो. वर गजर झाला, की पावलं सुरू. थोड्या वेळानं पुन्हा गजर, पुन्हा पावलं. इतके दिवस खडखडाटात गजर मला ऐकूच आला नव्हता. आणि पावलांच्या मध्ये काहीतरी घासत होतं.

दार न वाजवता वर गेलो. आक्का खुर्ची पुढे ढकलत, तिच्यावर भार टाकून फेरी पुरी करत होती. घोटा टम्म सुजलेला. मला पाहून हातानं खुणा केल्या की बाजूला हो, डबीत तू येशील.

मी काही म्हणण्याआधी तिनंच मला फैलावर घेतलं. नेम चुकला की यंत्र कळवतं, असं तू तिला सांगितलं होतंस ना? तिनं मनाशी धरलं, नेम चुकला की तुझे मार्क कापतात. म्हणून पहिल्या दिवसापासून गजर. मागे मोरीत पाय घसरून पडली. तिथे डबी नाही. कशीबशी उठली आणि खुर्ची धरून वेळेवर डबीपुढे हजर! तुझ्या यंत्रानं सगळं आलबेल सांगितलं, माझ्या कानांनीही. डॉक्टर म्हणतात हाडाला चीर गेलीये. प्लास्टर घातलंय.

आता पुढचं. तुझी अडचण कळल्यावर आक्कानं बाईंसाठी लिहून दिलंय की ती लहानपणापासून अशीच काटेकोर आहे. सोबत पाठवतोय. माझ्यातल्या दुकानदाराला विचारशील, तर वापर म्हणेल. बापाला विचारू नकोस.

काहीही ठरव, आम्ही आहोत.

तुझा,
बाबा

१ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

आत्याचा कागद समितीच्या दारापर्यंत हातात होता. बाहेरच्या बाकावर पुन्हा वाचला. दिला असता तर पदवी हातात होती. मग कुणीतरी माझं यंत्र घरोघर लावलं असतं, कुणाची तरी आत्या मोरीत पडली असती, आणि पोरीच्या फोनवर आलेलं असतं की सगळं ठीक आहे.

कागद घडी करून ठेवला आणि गजरापासून घोट्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. बाई आधी हसल्या, मग त्यांनी तो आलेख पुन्हा पुढे ओढला. खोटेपणाचा ठपका पुसला गेला. प्रबंधही गेला. वर्ष पुन्हा काढायचंय, आणि नवं काम मान्य होईलच असं बाई म्हणाल्या नाहीत. मैत्रीण अजून एक खुर्ची सोडूनच बसते.

आत्याला सांगा, मार्क यंत्राचे कापले, तिचे नाहीत. डब्या बंद करा. गजराचं घड्याळ दुकानात ठेवून घ्या. जमेल तशी येते.

रागावू नका, एवढंच मागते.

आपली,
भिंगरी

६ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

डब्या काढल्या. भिंतीवर फिकट चौकोन उरलेत. आक्का प्लास्टरचा पाय ओढत जाताना अजून तिथे थबकते, केसांवरून हात फिरवते.

आज सकाळी मात्र वरून काहीच ऐकू आलं नाही. दुकान उघडलं, पहिलं गिऱ्हाईक आलं, तरी छत गप्प. हातातला पेचकस गिऱ्हाइकापुढेच टाकला. जिना धावत चढलो.

आक्का गाढ झोपली होती. उन्हं तोंडावर आली होती तरी. मी हलवलं तशी दचकून उठली आणि घाबरीघुबरी होऊन तिनं विचारलं की भिंगरीचे मार्क गेले का. मी सांगितलं, आता कुणी मोजत नाही.  तशी तिनं जिना चढताना एवढा आवाज कशाला करतोस म्हणून मला झापलं आणि कूस बदलून पुन्हा झोपली.

तू ये. उशिरा उठलीस तरी चालेल.

तुझा,
बाबा