बारा रिकामे हात

भोईवाडा, परळ
शनिवार, ९ मे

आदरणीय शामराव काका,

वैशालीचा सविनय जयभीम. मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. आमच्या ऑफिसचा सर्व्हर चार दिवस मंद होता असे मी लिहिले होते. तो साडेतीन दिवस मंद होता (गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर सुरळीत झाला). त्याच वाक्यात ‘कोणीतरी सेटिंग बदलले’ असेही लिहिले होते. ते कोणीतरी म्हणजे मी. बाकी पत्र बरोबर आहे. तुमचा गुडघा कसा आहे? आईने पाठवलेले तेल लावता ना (लावत नसाल तर मला कळवा, आईला नको)?

झाले ते असे. लोअर परळच्या आमच्या ऑफिसात साठ जण प्रोग्रॅम लिहितात आणि ते सगळे एकाच सर्व्हरवर ठेवतात. कुठला शब्द कुठल्या प्रोग्रॅममध्ये आहे ते पटकन सापडावे म्हणून सर्व्हर सतत सूची करत असतो. शाळेत घालण्याआधी दोन वर्षे तुम्ही मला घरी बसवून वाचनालयाची कार्डे अक्षरवार लावायला शिकवलीत, तेच काम. ते करणाऱ्या हातांना थ्रेड म्हणतात. सर्व्हरला एका वेळी सोळा कामे झेपतात आणि सूचीला लावलेले थ्रेड मात्र चारच. म्हणजे बारा हात रिकामे. आपल्या घरात रिकामा हात दिसला की आई त्यात लसूण देते. गेल्या बुद्धपौर्णिमेला खिरीच्या वेळी कुरिअर घेऊन आलेला माणूसही तिने बदाम सोलायला बसवला होता. मला ते बारा पाहवेनात. सोमवारी सकाळी मी चाराचे सोळा केले. कोणाला विचारले नाही, कारण लसूण देताना आपल्याकडे कोणी विचारत नाही.

सूची फार सुंदर झाली. पण सगळेच हात कार्डे लावण्यात गुंतल्यावर खिडकीवर पुस्तक द्यायला कोणी उरेना. प्रोग्रॅम ठेवायला किंवा न्यायला आलेला माणूस ताटकळत राही आणि शेवटी चहाला खाली जाई. (खालच्या टपरीवाल्याने त्या आठवड्यात दुसरा स्टोव्ह घेतला. ‘मॅडम, तुमचं मशीन आहे तसंच राहू द्या,’ असे त्याने मला मनापासून सांगितले.)

कारण मला बुधवारी कळले. लगेच आमच्या वरिष्ठ शेफाली मॅडमना सांगायला गेले, तर त्यांच्या टेबलासमोर मितेश उभा. सर्व्हर तो सांभाळतो, आणि त्याच सोमवारी सकाळी त्याने त्यावर काही अपडेट टाकले होते, म्हणून सगळ्यांनी त्यालाच धरले होते. सेटिंगमध्ये आम्ही सगळे एकाच सामाईक नावाने जातो, त्यामुळे कोणी काय केले ते तिथे उमटत नाही. ‘माझ्याच हातून झालं असेल, मॅडम,’ तो म्हणत होता. मी खरे सांगायला तोंड उघडले आणि त्यातून ‘मी बघू का जरा?’ एवढेच बाहेर पडले. मग पाच करून पाहिले, सहा, आठ. प्रत्येक वेळी अर्धा तास घड्याळ लावून वहीत नोंद केली. सहावर तो पूर्वीपेक्षाही जलद चालतो. ऑफिसने टाळ्या वाजवल्या. मितेश म्हणाला, ‘वाचवलंस यार. नायतर मॅडमने मला सुक्या बोंबलासारखा टांगला असता.’ (तो कोळीवाड्यातला आहे, त्यामुळे हे त्याने पाहून सांगितले.)

मला प्रशस्तिपत्र मिळाले. मितेशची नोकरी अजून कच्ची आहे. ठेवायचे की नाही ते शुक्रवारी, १५ तारखेला ठरणार. त्याच्याबद्दल लेखी मत देण्याचे काम मॅडमनी माझ्याकडे दिले आहे, कारण मला मशीनमधले कळते. त्यानंतर मी सांगायला तीनदा गेले. पहिल्यांदा मॅडम फोनवर होत्या, दुसऱ्यांदा जागेवर नव्हत्या, तिसऱ्यांदा मोकळ्या होत्या, म्हणून परत आले. परवा मितेशने माझ्या टेबलावर घरून आणलेल्या कोलंबीच्या लोणच्याची बाटली ठेवली. मी ती उघडलेली नाही.

काकूंना जयभीम सांगा.

तुमची,
वैशाली

ता.क. पत्राचे खरे कारण असे : आईने प्रशस्तिपत्र लॅमिनेट केले आहे आणि रविवारी, १७ तारखेला चाळीच्या विहारात माझा सत्कार ठेवला आहे. अध्यक्ष तुम्ही आहात (तुम्हाला अजून सांगितलेले नाही). ऑफिसात मी सांगेन, आईला तुम्ही सांगा. तुम्ही मोठे दीर, तुमच्यापुढे ती आवाज चढवत नाही.

ता.क. २ आईने आत्ताच विचारले, कोणाला लिहितेस. म्हणाली, ‘भावजींना सांग, भाषण पाच मिनिटांच्या वर गेलं तर मी माइक काढून घेईन.’ तेव्हा आवाजाबद्दलचे वरचे वाक्य जपून वाचावे.

ता.क. ३ फोन मुद्दामच केला नाही. तुम्ही ‘जाऊ दे गं पोरी’ म्हणाल आणि मी लगेच जाऊ देईन. हे पत्र तुम्हाला मंगळवारच्या आत मिळत नाही, हे पोस्टात विचारून घेतले आहे. मॅडमना मी त्याआधी सांगणार : सोमवार, ११ मे, सकाळी साडेदहा.