मापाच्या वहीची जाहिरात

सरस्वतीपुरम, म्हैसूर

प्रिय यशू,

फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येच "आई, मुद्द्याचं सांग" म्हणाली असतीस, म्हणून लिहायला बसले. मुद्दा शेवटी येईल. आधी हे ऐक. आपलं शिलाईचं दुकान इंटरनेटवर आलंय! अकरा हजार लोकांनी बघितलं. तुझे अण्णा गेल्यापासून दोन वर्षांत आपल्या पायरीवर अकराशे माणसं तरी चढली असतील का, सांग.

महिनाअखेरीस किल्ली मालकाला दे आणि पुण्याला ये, असं तू म्हणालीस. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते तुझ्या काकांच्या सहनाच्या कानावर गेलं. काकूला ती कानडीत दोड्डम्माच म्हणते. "दोड्डम्मा, महिना आहे ना हातात? मग एक कॅम्पेन करून बघू की!" हूटगळ्ळीच्या कंपनीत ती दिवसभर हेच करते, लोकांच्या वस्तू फोनवरून खपवते. तिने मला मशीनवर बसवून व्हिडिओ काढला. जाहिरात कुणाला दिसावी, किती अंतरापर्यंत दिसावी, सगळं ठरवता येतं गं. मी चष्मा लावून तिच्याबरोबर ओळ न् ओळ वाचली. चौथीत शाळा सुटली, वाचायला शिकले ते वाण्याच्या पुडीच्या कागदांवर, आणि आता हेही कळतंय म्हणून मी दिवसभर हवेत होते. दोन दिवसांत मात्र एकच निरोप आला. कडकोळच्या एका माणसाने विचारलं, बसच्या सीटांना कव्हरं शिवाल का?

"दुसऱ्या कुणाकडे नसेल असं काहीतरी दाखवा," सहना म्हणाली. मी अण्णांच्या मापाच्या वह्या काढल्या. तुला आठवत असेल, टेप माझ्या हातात आणि पेन्सिल त्यांच्या. पडद्याआड मी माप घ्यायची आणि आकडे मराठीत सांगायची, म्हणजे बाकावर बसलेल्या कानडी बायकांना काही कळू नये. ते लिहायचे आणि शेजारी त्या कापडाचा बोटभर तुकडा टाचणीने लावायचे. सवय जात नाही बघ. अजूनही मी पडद्याआडून "छाती छत्तीस" म्हणते आणि बाहेर लिहिणारं कुणी नसतं. मग चिठ्ठीवर लिहून घेते. वहीत त्यांच्या शेवटच्या ओळीखाली मी काही लिहिलेलं नाही.

तर त्यातलं एक पान मी व्हिडिओत उघडून धरलं. मोरपंखी म्हैसूर सिल्कचा तुकडा, पंचवीस वर्षं झाली तरी रंग तसाच. आणि काय सांगू, जाहिरात धावायलाच लागली! लोक आपणहून पुढे पाठवत होते. एका दुपारी सात बायका आल्या, मला पाणी प्यायला फुरसत नव्हती. सहना तासातासाला आकडा सांगत होती, आणि मीही लहान पोरीसारखी "आता किती गं?" विचारत होते.

आठवी बाई आली ती विशालाक्षी टीचर. तुला गणित शिकवायच्या त्याच. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "अंबक्का, तुमच्या नरहरी मास्टरांनी माझं माप माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी कळू दिलं नाही. तुम्ही ऊरिगेल्ला सांगितलंत, साऱ्या गावाला!" यशू, त्या पानावर त्यांचं नाव होतं. मराठी अक्षर कोण वाचणार, असं मी धरून चालले होते. शिवमोग्ग्याच्या त्यांच्या नणंदेने त्या पानापुढे फोन धरला आणि फोननेच ते कानडी करून दिलं. तिचा टीचरांना फोन : "वैनी, तुझी कंबर अठ्ठावीस होती? कधी गं?"

सहनाला म्हटलं, बंद कर. ती रडवेली झाली. "दोड्डम्मा, आत्ता कुठे धावायला लागलीय! नाव झाकून पुन्हा टाकते." पण पाठवलेलं परत येत नाही, हे तिलाही माहीत होतं. जे तीस वर्षं आम्ही पडद्याआड ठेवलं, ते मी स्वतःच्या हाताने उघडून धरलं होतं. तिने बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुकान ओस.

संध्याकाळी वही घेऊन मी टीचरांकडे गेले. क्षमा मागितली. त्या तो तुकडा बोटांनी चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा ब्लाउज घालून मी हेडमिस्ट्रेसच्या खुर्चीत बसले होते." मग एकदम उभ्या राहिल्या. "ते अठ्ठावीसच राहू दे, गावाला तेच कळू दे! आता खरं माप घ्या, आणि ते पोटात ठेवा." मी टेप लावली, सवयीने आकडा बोलले, आणि थांबले. टीचरांनी आपलं पेन माझ्या हातात कोंबलं. "लिहा की. शुद्धलेखन मी तपासणार नाही." अण्णांच्या शेवटच्या ओळीखाली मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण आलं.

आता सहनाने नवीन जाहिरात केलीय. नाव नाही, माप नाही, नुसते तुकडे. "यातला तुमचा कोणता?" टीचरांनी स्वतःच ती सगळ्या निवृत्त शिक्षिकांना पाठवली. चार दिवसांत एकोणीस बायका आल्या. एकीला तिच्या गेलेल्या आईच्या जांभळ्या ब्लाउजचा तुकडा सापडला. तिने तो मागितला नाही, फक्त तसाच शिवा म्हणाली. अकरा हजारांपेक्षा मला हे एकोणीस मोठे वाटतात. सहना हसते माझ्या हिशेबाला.

आता मुद्दा. तू पाठवलेलं तिकीट रद्द कर. मालकाला मी आणखी एका वर्षाचं बोलून आलेय. रागावू नकोस. तिथे तुझ्या घरी मी आई असते, पण इथे पडद्याआड मी अजून कामाची आहे. काल वही चाळताना तुझं पान सापडलं. पहिल्या परकर-पोलक्यापासून लग्नाच्या ब्लाउजपर्यंत अकरा तुकडे, सगळे अण्णांच्या अक्षरात. खाली अर्धं पान कोरं आहे. म्हणून हे पत्र. या खेपेला आलीस की पडद्याआड उभी राहा. आकडा मीच बोलेन, मीच लिहीन, आणि तो आपल्या दोघींतच राहील.

तुझीच,
आई