काळ्या नमद्याची कड

३ ऑगस्ट
तळ्याकाठच्या तोसोर गावात पोहोचलो. घर छान आहे. खिडकीतून तळं दिसतं, छपरावर जर्दाळू वाळत घातलेत. सेझिमने आल्या आल्या खिसे भरले. घरमालकीण बात्मा आपा तिला म्हणाल्या, "खा गं बये, पण पोट दुखलं तर माझ्या दारात रडायचं नाही." तिचा बाबा मेलिस गेल्यापासून लेक पहिल्यांदाच हसली. मागची खोली मला चित्रांसाठी मिळाली आहे.

५ ऑगस्ट
धड डोंगर नाही, धड मोबाइलचा मनोरा नाही, अशी माझी चित्रं. या वेळी कॅनव्हासऐवजी दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा घेतला. मेलिस मनोऱ्यांवर चढून तारा जोडायचा. पडला त्या सकाळी त्याने एकोणीस सेकंदांचा निरोप पाठवला होता. फोनवर त्याच्या आवाजाची उंचसखल रेघ दिसते, डोंगररांगेसारखी. इथल्या बायका कापतात तसे पांढरा आणि काळा नमदा एकावर एक ठेवले आणि ती रेघ एकाच सुरीने कापली. पांढऱ्याचे डोंगर, काळ्याचं आभाळ.
आपा म्हणाल्या, आजच्या आज एकमेकांत शिवून टाक, कापलेली जोडी मोकळी ठेवत नाहीत. मला ते त्याला पुन्हा पुरल्यासारखं वाटलं. पांढरा भिंतीवर लावला. काळा गुंडाळून ठेवला.

८ ऑगस्ट, गुरुवार
काल त्याच्यासाठी कणकेचे बोर्सोक तळले. तेलाचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोहोचतो. तळताना त्याला नावाने हाक मारली.
आज काळ्याच्या कडेला नवे कंगोरे आहेत. सुरी माझ्या कुलपात आहे. निरोप एकवीस सेकंदांचा झालाय. शेवटी एक बाई म्हणते, मेलिस. आवाज माझा आहे.

९ ऑगस्ट
आपांना सांगायला गेले. त्याचं नाव तोंडातून फुटेना.

११ ऑगस्ट
"चहा" गेला. "ये" गेलं. "थांब" गेलं. आज बोललेलं उद्या काळ्यात कापलेलं असतं, निरोपात ऐकू येतं, मला पुन्हा बोलता येत नाही. शिवायला बसले तर कडा जुळत नाहीत. आपा म्हणाल्या, दोन्ही जाळ. पण त्याचा आवाज एवढाच उरलाय —
लेकीचं नाव अजून शाबूत आहे. दिवसभर तोंड दाबून बसले.

१२ ऑगस्ट
सेझिम तळ्यात खोल जात होती. हाक मारली. मारावीच लागली.

१३ ऑगस्ट
नाव गेलं. आता काहीच फुटत नाही. जाळायला गेले तर काळा भिंतीवर, पांढऱ्याला चिकटून. मी लावला नाही —
अंगणात बसून मोठ्या अक्षरांत लिहितेय. लेक यंदाच वाचायला शिकली.

सेझिम, मागच्या खोलीतून आईने हाक मारली तर जाऊ नकोस. ती आई नाही. आई इथे अं —

आतून माझ्याच आवाजात हाक आली. जर्दाळू टाकून ती उठली. म्हणाली, आले गं. माझ्याकडे तिची पाठ — वही दाखवायला धाव —