मायसाठी आणलेली मशीन

बाबा,

मायच्या बोटांचे सांधे सुजायला लागले, तेव्हा शहापूरच्या आपल्या घरी तीन जर्सी गाई होत्या आणि तिघींचं दूध एकटी मायच काढायची. सकाळी तिची मूठ वळत नसे. कोमट पाण्यात हात धरून ती बसून राहायची, मग गोठ्यात जायची. तुम्ही जवाहरनगरच्या कारखान्यात फिटर. बसला निघण्याआधी दारात उभं राहून तुम्ही ते रोज बघायचात. आणि एका रविवारी बैलगाडीतून दूध काढायची मशीन घेऊन आलात, कुठल्याशा बंद पडलेल्या डेअरीतली, जुनी. "आता तुले सडाले हात लावाचं काम नाही," मायला म्हणालात. माय लाजली. मी कॉलेजात होते तेव्हा, पण तिला लाजताना पहिल्यांदाच पाहिलं.

मशीन तुम्ही सगळी उघडलीत, घासलीत, तेल घालून पुन्हा जोडलीत. चार सडांना चार कप, मोटार सुरू झाली की दूध नळीतून बादलीत. कप ओढतो, मग ढील देतो, पुन्हा ओढतो. वासरू चोखतं तसंच आहे, असं तुम्ही शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचात. ओढ दाखवणारा काटा तर तुम्ही डोळ्यांत तेल घालून बघायचात. तो रोज बरोबर खुणेवर यायचा. माय बाजूला हात पुसत उभी असायची, आणि तुम्ही काट्याकडून तिच्याकडे बघायचात. तो चेहरा मला अजून दिसतो.

मग तिघींतली लाल गाय कप लावताना पाय झाडायला लागली. एका दुपारी मी गोठ्यात गेले, तर माय तिच्या सडांना लोणी चोळून राहिली होती. सडांची टोकं कडक झालेली, फाटल्यासारखी, आणि वर निळसर वळ.

"माय, बाबाले सांग ना."

"राहू दे. होते तिले सवय."

सवय झाली नाही. दुधात गाठी आल्या, कास दगडासारखी झाली, आणि तापानं गाय बसली ती उठलीच नाही. तुम्ही सुट्टी टाकून गुरांच्या डॉक्टरांना आणलंत. त्यांनी इंजेक्शनं दिली, मशीन बघितली आणि म्हणाले, "कपात अंगठा घाला बरं." मोटार सुरू झाली. काटा खुणेवर आला आणि तुमचा अंगठा निळा पडत गेला.

"तुमचा काटाच खराब आहे," डॉक्टर म्हणाले. "जास्तीची ओढ सोडायची झडप कोंड्यानं बुजली आहे. ढील देणारा भागही झिजलाय. सडाला उसंतच मिळत नाही, मग रोग आत शिरतो."

तुम्ही अंगठा काढला नाहीत. डॉक्टरांनीच मोटार बंद केली. ते गेल्यावर तुम्ही मायला विचारलंत, "तुले दिसत होतं?"

"हो."

"मंग काहून नाही सांगतलं?"

माय गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "माह्यासाठी आनली होती ना तुमी," ती म्हणाली.

यावर तुम्ही खाली बसलात, शेणातच, नवी पँट घालून.

गाय दुसऱ्या दिवशी गेली. बाकीच्या दोघी औषधांनी वाचल्या, पण त्यांचाही एकेक सड आटला. मशीन तुम्ही परसात नेऊन टाकलीत आणि मायचे सुजलेले हात पुन्हा कासेला लागले. मग तुम्ही तिच्याजवळ उकिडवे बसून दूध काढायला शिकू लागलात. गाई तुम्हाला पान्हा सोडत नव्हत्या. माय गाईच्या गळ्याला खाजवत, "देते, देते, घाई नका करू," म्हणायची. तुम्ही दोघं मला अजून गोठ्यात तशीच बसलेली दिसता, आणि त्यापुढचं पाहवत नाही. तुम्ही शिकलात, बाबा. माय गेल्यावरही, शेवटची गाय असेपर्यंत, तुम्हीच दूध काढत होतात.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक सांगते. लाल गाय गेली त्या दिवशी विचारायला आलेल्या बायांना मायनं सांगितलं, साप चावला. तुमच्यावर बोल येऊ नये म्हणून. माझ्या मुलांनी परवा लाल गाईचा फोटो बघून विचारलं, ही गाय कशी मेली?

मीही साप चावला असंच सांगितलं.